एक मिनिट दहा सेकंद

सारसोळे, रविवार, २ मार्च २०२५

प्रणय,

तुझा पत्ता रुतिकाने दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिची सख्खी आत्या, दोन संध्याकाळी तिच्या दारात बसून राहिले तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. करंज्याला निकेशच्या खोलीवर राहतोस आणि बर्फाच्या फॅक्टरीत कामाला लागलास, एवढंच कळलं. माझा नंबर तू ब्लॉक केलायस. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून मेसेज टाकता आला असता, पण मेसेजवरचा माझा विश्वास उडालाय. म्हणून कागद.

गळ्यावरचे वळ गेले. आठ दिवस स्कार्फ बांधून ऑफिसला गेले. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, घसा धरलाय. तसं खोटंही नव्हतं ते.

त्या शनिवारी तू वाशीच्या हॉस्पिटलातून आलास. आकाश गेला हे तोंडाने बोललाही नाहीस. सरळ विचारलंस, "रेकॉर्डिंग कुठंय?" मी म्हटलं, "नव्हतंच." तू परत विचारलंस, मी परत तेच म्हटलं. मग तुझा हात माझ्या गळ्यावर आला आणि माझं डोकं फ्रिजवर आपटलं. वरचा पाण्याचा जग खाली आला. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. माझा श्वास बंद होता आणि तुझा इतका मोठा चालला होता की शेजारी ऐकू जाईल अशी मला भीती वाटत होती. मग तू हात काढलास, हाताकडे बघितलंस आणि चप्पल न घालताच निघून गेलास.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आपल्या आळीतल्या बायकांना वाटतंय, तुला बाहेरगावी नोकरी लागली.

सौरभ साहेबांनी मला शब्द दिलाय. तू शिवा मुकादमाचं मनगट तोडलंस त्याची तक्रार कंपनी मिटवून टाकणार. पोरगा तीन दिवस कोठडीत राहिला ते पुरे झालं, म्हणाले. गोदामात जो प्रकार झाला तो कुणी बाहेर पसरवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. आकाश पडला त्याचं सगळ्यांना वाईट वाटतंय. पाच वर्षं फोर्कलिफ्ट चालवली त्याने, कुठल्या खोक्याला ओरखडा नाही. पण तू सव्वीस वर्षांचा आहेस, प्रणय. कोर्टाच्या तारखा माणसाला खाऊन टाकतात. तुझे बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

घरी ये.

आई

सारसोळे, रविवार, १६ मार्च

प्रणय,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरूनही चालले नव्हते.

मागच्या पत्रात मी "आकाश पडला" असं लिहिलं. पाकीट पेटीत टाकलं आणि बसस्टॉपपर्यंत येईस्तोवर लाज वाटायला लागली. परत जाऊन पेटीत हात घालून बघितला. पाकीट खाली गेलं होतं.

या आठवड्यात साहेबांनी मला एक काम दिलं. स्टाफने मेसेंजर आणि व्हिडिओ कॉल कसा वापरायचा याचे नियम मराठीत टाइप करून गोदामात लावायचे. बावीस वर्षांपूर्वी मी या कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर बसायला लागले, तेव्हापासून मराठी कागद माझ्याकडेच येतात. मी टाइप केलं. ग्रुपवर फक्त कामाचं लिहावं. तक्रार ग्रुपवर टाकू नये, वरिष्ठांना भेटून सांगावी. व्हिडिओ कॉलचा फोटो किंवा रेकॉर्डिंग बाहेर देऊ नये. खाजगी गोष्टी कंपनीच्या मेसेंजरवर लिहू नयेत, कंपनी तो मजकूर केव्हाही वाचू शकते. आणि शेवटचं, सर्वांशी सभ्य भाषेत बोलावं. एवढं टाइप करून मी बाथरूममध्ये गेले आणि उलटी केली. राजश्री बाहेरून विचारत होती, "दमयंतीताई, बरं नाही का?" बावीस वर्षांत मी त्या बाथरूममध्ये पहिल्यांदा रडले.

आकाशने त्या मंगळवारी कामाचंच लिहिलं होतं. सकाळी पावणेनऊला त्याचा फोटो ग्रुपवर आला. रॅकचा वाकलेला पाय, आणि त्याच्यावर रंगाचे डबे छतापर्यंत. खाली लिहिलं होतं, "हा कधी पण बसेल. खाली माणसं काम करतात. तीनदा सांगितलं." चूक इतकीच झाली की त्या ग्रुपवर पुण्याची पार्टीही होती. डबे त्यांचेच.

तिकडचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. इकडचं तुला माहीत नाही, ते मी सांगते.

दहाच्या कॉलला आम्ही महाप्याच्या ऑफिसात आपापल्या जागेवर होतो. स्क्रीनवर सतरा चौकोन. पुण्याच्या राजेश्वरी मॅडमनी पहिलंच विचारलं, "तो रॅक आमच्या मालाचा आहे का?" साहेब हसून म्हणाले, जुना फोटो आहे, मॅडम. तेवढ्यात गोदामाच्या चौकोनात तुझ्यामागे शिवा आलेला दिसला. त्याच्या हातात लोखंडी दांडा होता. मला वाटलं, काही तरी उघडायला घेऊन आलाय.

पहिला घाव आकाशच्या गुडघ्यामागे बसला. तो खाली बसला, तर शिवाबरोबरच्या दोघांनी त्याला दंडाला धरून परत उभं केलं. दुसरा पाठीवर. शिवा म्हणत होता, "फोटो टाकतो? ग्रुपवर टाकतो तू?" प्रत्येक शब्दाला एक. सतरा जण बघत होते आणि कुणाचा चौकोन हलत नव्हता. माझ्या समोरच्या टेबलावर राजश्रीच्या हातात चहाचा कप होता, तो तिने खाली ठेवला नाही की तोंडाला लावला नाही. मग तू कॅमेऱ्यासमोर आलास. तुझं तोंड इतकं जवळ आलं की फक्त दात दिसत होते. तू ओरडलास, "आई! पोलिसांना फोन कर! आई!"

ती मीटिंग माझ्या नावाने चालते. साहेब मला म्हणाले, "दमयंती, म्यूट ऑल." मी दाबलं.

तुझा आवाज बंद झाला. तू ओरडतच होतास.

रेकॉर्डिंगचं विचारू नकोस. ते नाही.

आई

सारसोळे, रविवार, ३० मार्च

प्रणय,

आज पाडवा. गुढी उभारली नाही.

गुरुवारी साहेबांनी मला तळवलीला पाठवलं, आकाशच्या घरी. एका कागदावर त्याच्या आईवडिलांच्या सह्या हव्या होत्या. बाईमाणूस गेलं की बरं पडतं, म्हणाले. सोबत ऑफिसची गाडी दिली.

तू त्या घरी जेवला आहेस, मी पहिल्यांदाच गेले. चाळीतली एकच खोली. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आकाशचा कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलाय. दुसरा फोटो मिळाला नसावा. मारोतीभाऊ भिंतीला टेकून बसले होते. जाईबाईंनी मला चहा दिला. मी तो प्यायले, प्रणय. सगळा प्यायले.

मारोतीभाऊ म्हणाले, "ताई, मला वाचता येत न्हाई. तुमीच वाचून दाखवा."

मी वाचलं. "दिनांक ११ फेब्रुवारी रोजी सकाळी रॅकवर चढून माल काढत असताना तोल जाऊन आमचा मुलगा आकाश खाली पडला. याबाबत आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही." मोठ्याने, स्पष्ट वाचलं. टेलिफोनवर बसणाऱ्या बाईचा आवाज स्पष्टच असतो. वाचून झालं तेव्हा जाईबाई माझ्याकडे बघत होत्या.

"ताई, तुमी त्या व्हिडिओवर व्हत्या ना?"

मी म्हटलं, "होते. पण मधेच नेट गेलं."

"सगळ्यांचंच नेट गेलं म्हनं," जाईबाई म्हणाल्या. "सतरा मान्सांचं. एकदमच." मग त्यांनी आकाशचा शर्ट आणून माझ्या मांडीवर ठेवला. हॉस्पिटलने पिशवीत घालून दिला होता, तो त्यांनी धुतलेला नाही. पाठीवर कापड फाटून आत गेलंय. "रॅकवरून पडलेलं मानूस एका बाजूला पडतं. ह्यो किती बाजूला पडला, ते मोजून सांगा."

सही त्यांनी केली नाही. मारोतीभाऊंनी अंगठ्यासाठी हात पुढे केला होता, जाईबाईंनी त्यांचा हात झटकून टाकला. मी निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि आवाज खाली आणून विचारलं, "सुद्धीत व्हता तवर माझं लेकरू काय बोललं, येवढं तरी कळू द्या. अकरा दिवस म्या त्याच्या तोंडाशी कान लावून बसले. काहीच बोललं न्हाई."

गाडीत ड्रायव्हर होता म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बसले.

आता ऐक. रेकॉर्डिंग आहे.

त्या मंगळवारी दुपारी साहेबांनी माझ्यामागे उभं राहून मला ते कंपनीच्या खात्यातून पुसायला लावलं, ग्रुपवरचा फोटोही. पण त्याआधी ते चहाला उठले तेव्हा मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं. का उतरवलं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही नाही. कागद फाडायच्या आधी झेरॉक्स काढायची बावीस वर्षांची सवय असेल. तू विचारलंस तेव्हा ते माझ्या पर्समध्ये होतं. तुझा हात माझ्या गळ्यावर होता आणि ते तीन हातांवर खुंटीला टांगलेलं होतं.

मी गप्प बसले ती तुझ्यासाठी. शिवाची तक्रार मिटावी म्हणून. हे तरी खरं मान.

मी काय करू ते लिही. एक ओळ लिही.

आई

सारसोळे, रविवार, १३ एप्रिल

प्रणय,

अक्षर वाकडंतिकडं आलंय. उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली आहेत. घाबरू नकोस, लिहिता येतंय.

तुझी ओळ आली नाही तेव्हा मला कुणाशी तरी बोलायचं होतं. बुधवारी ऑफिसात राजश्रीला मेसेंजरवर लिहिलं, "माझ्याकडे त्या दिवसाची कॉपी आहे. पोलिसांना देऊ का?" समोरच बसते ती, पण तोंडाने बोलायची हिंमत नव्हती. कंपनी सगळं वाचू शकते हा नियम मीच टाइप केला होता, माझ्याच हाताने गोदामाच्या भिंतीवर डकवला होता. तरी लिहिलं. राजश्रीने लिहिलं, "ताई, हे पुसा." मी पुसलं. तेवढ्याने काय होतं.

शुक्रवारी सुट्टी घेतली होती. सकाळी अकराला शिवा आला, सोबत दोन जण. दार उघडंच होतं, मी बोंबील साफ करत होते. शिवाच्या मनगटाला अजून पट्टा आहे. तो स्टुलावर बसला आणि अगदी शांत बोलला.

"ताई, आपल्याला लफडा नको. पेनड्राइव्ह द्या, निघतो."

मी म्हटलं, "कसला पेनड्राइव्ह?"

त्याने मान हलवली. एकाने माझ्या कानाखाली हेल्मेटने मारलं. मी ओट्यावर आपटले आणि थोडा वेळ मला नुसती शिट्टी ऐकू येत होती. दुसरा कपाट उपसत होता. तुझ्या बाबांचे कपडे, तुझी दहावीची फाइल, सगळं जमिनीवर. शिवाने माझा हात धरून दाराच्या फटीत ठेवला आणि दार लावलं. पहिल्या वेळेला मी ओरडलेही नाही, आवाजच फुटला नाही. त्याने दार उघडलं, म्हणाला, "कुठंय?" आणि परत लावलं.

तेव्हा मी ओरडले. आणि माझा डावा हात ओट्यावर गेला. बोंबलांशेजारचा कोयता हातात आला.

मी शिवाला कोयत्याने मारलं, प्रणय. लांबवर, कोपरापासून खाली. कातडी उघडी झाली ती मी बघितली. मासे कापताना जसा हात चालतो तसाच चालला, आणि मी परत मारणार होते. मानेवर मारणार होते. मला ती जागा दिसत होती. हेल्मेटवाल्याने मला मागून ओढलं म्हणून तो वाचला आणि मीही.

माझी किंकाळी आळीत ऐकू गेली. पहिली आली ती समोरची पूर्वी, कडेवरचं मूल घरात ठेवून. तिच्यामागे तिची सासू आणि आणखी सात-आठ जणी, मार्केटमधून नुकत्याच आलेल्या, हातात कोयते, पदर खोचलेले. पूर्वीची सासू दारात उभी राहून म्हणाली, "कोन हाय रं तुमी? दमीच्या घरान काय करता?" शिवाने तिला शिवी दिली.

पुढचं मी नीट सांगू शकत नाही. एक जण खिडकीतून पळाला. दुसऱ्याला टोपलीने तोंडावर मारून मारून गटारात लोळवला. शिवाला त्यांनी अंगणात आणला. कोयते उलटे धरून, मुठीने मारत होत्या. त्याचे दोन दात आमच्या पायरीवर पडले. तो "मावशी, मावशी" म्हणत होता. मी दारात बसून बघत होते आणि मला त्याची दया आली नाही. आकाशला मारताना बघून मला जे वाटायला हवं होतं ते तेव्हा वाटलं नाही, आणि आता जे वाटत होतं ते वाटायला नको होतं. पूर्वी शेवटी मधे पडली. "मरल तं आपनच आत जाऊ," म्हणाली. त्याला खांबाला बांधून तिने पोलिसांना फोन केला.

पोलीस आले तेव्हा मी सुकटीच्या डब्यात हात घातला आणि पेनड्राइव्ह काढून सगळ्यांदेखत इन्स्पेक्टर बाईंच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "काय आहे यात?" मी म्हटलं, "एका मुलाचा खून आहे. आणि मूळ रेकॉर्डिंग मी पुसलंय."

जबाब चार तास चालला. बोटं त्यानंतर बांधली.

आई

सारसोळे, गुरुवार, ८ मे

प्रणय,

मंगळवारी मला पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. जाईबाई आणि मारोतीभाऊही होते. इन्स्पेक्टर बाई जाईबाईंना म्हणाल्या, तुम्ही बघायलाच पाहिजे असं नाही. जाईबाई म्हणाल्या, "समद्या जगानं बघितलंय. म्या जल्म दिलाय."

मारोतीभाऊ बाहेर जाऊन बसले.

लॅपटॉपवर लावलं. आधी राजेश्वरी मॅडमचा प्रश्न, साहेबांचं हसणं. मग शिवा. जाईबाईंनी पदर तोंडात धरला होता. तुझी हाक आली, "आई! पोलिसांना फोन कर!" आणि आवाज गेला. इन्स्पेक्टर बाईंनी वायर हलवून बघितली. मी म्हटलं, मॅडम, वायर ठीक आहे. पुढे आवाज नाहीच.

पुढे एक मिनिट दहा सेकंद आहेत. साहेब "गोदाम काढ, गोदाम काढ" म्हणत होते आणि माझ्या हाताला तो चौकोन कॉलमधून काढायचं बटण सापडत नव्हतं, तेवढा वेळ. त्यात आणखी सहा घाव आहेत. सहावा डोक्यात. तू मधे जातोस आणि तुला कुणीतरी लाथ मारतं. मग आकाश खाली आहे आणि तू गुडघ्यावर बसून त्याचं डोकं हातात धरलंयस. तो तुझ्याकडे बघून बोलतो. ओठ हलताना स्वच्छ दिसतात. बराच बोलतो, दोन-तीन वाक्यं असतील. तू मान हलवतोस. मग तू उठतोस, दांडा उचलतोस, आणि तिथे मी गोदाम काढलंय.

जाईबाई म्हणाल्या, "मागं घ्या." मागे घेतलं. त्या स्क्रीनला कान लावून बसल्या. कान लावून, प्रणय. मग म्हणाल्या, "आवाज काहून न्हाई?"

मी म्हटलं, "मी बंद केला."

"नेट गेलं व्हतं म्हनल्या तुमी."

"नेट नव्हतं गेलं. मला साहेब म्हणाले, मी बटण दाबलं."

त्यांच्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती. पहिली माझ्या भुवईवर बसली. मी खुर्चीसकट मागे गेले. त्या माझ्या छातीवर बसून मारत होत्या, बाटलीने, मग ती निसटल्यावर हाताने, नखांनी. "माझ्या लेकराचा आवाज! माझ्या लेकराचा आवाज खाल्ला व्हय गं तू!" मी हात वर केले नाहीत. दोन महिला शिपाई त्यांना उचलेपर्यंत मी कमरेखाली हात ठेवून पडून राहिले. भुवईला सात टाके पडले.

इन्स्पेक्टर बाईंनी मला विचारलं, यांच्याविरुद्ध तक्रार लिहायची? मी म्हटलं, "मी पडले." त्या म्हणाल्या, "पुरे झालं आता तुमच्याकडचं पडणं." पण लिहिलं नाही त्यांनी.

टाके घालताना डॉक्टरांनी सांगितलं, हलू नका. तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती तुला लिहायलाच हवी. मागे मी लिहिलं होतं की मी गप्प बसले ती तुझ्यासाठी. पुसलं, खोटं बोलले, ते नंतरचं. ते कदाचित तुझ्यासाठी असेल. पण बटण दाबताना तुझ्यावर तक्रारच नव्हती, शिवाचं मनगट शाबूत होतं. तू मला हाक मारत होतास आणि माझ्या मनात तू नव्हतास. माझ्या मनात होतं, पुण्याची पार्टी बघतेय. मीटिंग माझी आहे आणि माझ्या मीटिंगमध्ये गोंधळ चाललाय. एवढंच होतं. मी खूप शोधलं, दुसरं काही सापडलं नाही.

तू माझा गळा धरलास तेव्हा तुला हे ठाऊक असावं.

आई

करंजा, रविवार, १८ मे

प्रणय,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. सहा शब्द. "जाईबाईंना सांगेन. तुला नाही. जबाबही देईन."

मी ते घेऊन त्याच दिवशी तळवलीला गेले. जाईबाईंनी दार अर्धंच उघडलं. मी कार्ड वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "परत वाचा." परत वाचलं. मग म्हणाल्या, "कवा जायचं?"

आज आम्ही दोघी एका रिक्षाने आलो. दीड तास शेजारी बसलो, एक शब्द बोललो नाही. उरण फाट्याला त्यांना मळमळलं, तेव्हा मी रिक्षा थांबवली आणि त्यांची पाठ धरली. त्यांनी हात झटकला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

बाकीचं थोडक्यात. शिवा आणि सौरभ साहेब दोघं आत आहेत. खुनाचं कलम लागलंय. आकाशला धरणारे दोघं सापडले, त्यातल्या एकाने कबूल केलंय. राजेश्वरी मॅडमनी पुण्याहून येऊन जबाब दिला. फोटो त्यांच्या फोनमध्ये होता, त्यांनी पुसला नव्हता. राजश्रीने अजून तोंड उघडलेलं नाही. मी तिला दोष देत नाही. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा माझ्यावर आहे, जामीन झालाय, नोकरी गेली. शिक्षा झाली तर मी भोगेन, वकील म्हणतो त्या सबबी मला सांगायच्या नाहीत. तुझ्यावरची तक्रार तशीच आहे, ती कोर्टात लढावी लागेल. बुधवारी सकाळी दहाला इन्स्पेक्टर बाई तुझी वाट बघतील. निकेशला सोबत घेऊन जा.

हे पत्र मी रिक्षात बसून लिहितेय आणि जाईबाईंच्या हातात देतेय. मी खाली जेट्टीच्या कडेला आहे. वर येणार नाही. तू खिडकीतून बघू नकोस, मीही वर बघणार नाही. तू त्यांना काय सांगितलंस ते मी त्यांना परतीच्या वाटेवर विचारणार नाही, कधीच विचारणार नाही. ते ऐकायचा हक्क माझा होता तेव्हा मी तो घेतला नाही.

त्यांना जिना चढताना धाप लागते. आधी बसव, पाणी दे. आकाशने जे सांगितलं ते सगळं सांग, त्याच्याच शब्दांत, मधलं काही गाळू नकोस. त्या रडल्या तरी थांबू नकोस. आणि सावकाश बोल, त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं.

आई